बुखारीच्या पाइपला झडप बसवली त्याची गोष्ट

मागच्या डिसेंबरात पिल्लं उतरली आणि तिसऱ्या रात्रीच आठवड्याची लाकडं निम्म्यावर आली. परतवाड्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं ब्रॉयलरचं शेड आहे, 3,000 पिल्लांचं. पहाटे बाहेर 9-10 अंश आणि पहिल्या आठवड्यात पिल्लांना जमिनीलगत 33 ते 35 अंश लागतात. बुखारीचा, म्हणजे शेड तापवायच्या लाकडाच्या शेगडीचा, धुराचा पाइप छपरापर्यंत तापलेला, तरी पिल्लं बुखारीकडच्या बाजूला एकमेकांच्या अंगावर चढून बसलेली. अशात खालची गुदमरतात. त्या रात्री 17 गेली.

बाबा म्हणाले, "थे लाकडं गिळून राह्यली अन् ऊब आभायाले देऊन राह्यली." चेष्टेत बोलले, पण दुखणं नेमकं तेच होतं.

पाइप 6 इंची, 15 फूट उंच. आतला धूर गरम आणि बाहेरची हवा गार, हा फरक जितका जास्त तितकी पाइपची ओढ जास्त. म्हणजे ज्या रात्री ऊब हवी, त्याच रात्री पाइप विस्तव वर खेचतो. वरून डोंगराकडचा वारा सुटला की विचारूच नका. खालचा हवेचा दरवाजा बंद करून पाहिला, तर राखेच्या खणाच्या फटीतून हवा शिरतच राहिली.

यावर उपाय म्हणजे ड्राफ्ट रेग्युलेटर. पाइपमध्ये टी, म्हणजे T आकाराचा जोड, घालायचा आणि त्याच्या मोकळ्या तोंडावर आडव्या दांडीवर झुलणारी, वजन लावलेली गोल झडप. ओढ वाढली की झडप आपोआप आत कलते आणि पाइप विस्तवातून खेचण्याऐवजी शेडमधली हवा खेचतो. ओढ उतरली की बंद. वीज नाही, वायर नाही. शेडमधली थोडी ऊबदार हवा त्यातून जाते हे खरं, पण ब्रूडिंगमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या दिवसांत, जमिनीवर पसरलेल्या तुसातला ओलावा आणि अमोनियाही त्यासोबत जातो, त्यामुळे मला त्याचं फार वाईट वाटलं नाही.

झडप ऑनलाइन मागवली, टी फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतला. त्याने तोंड जरा वरच्या बाजूला कललेलं जोडलं. मी म्हटलं, एवढ्याने काय होतं? झालं असं, की झडप स्वतःच्या वजनाने अर्धी उघडीच लोंबू लागली. ओढ मेली, धूर बुखारीच्या दारातून शेडमध्ये. डोळे चोळत पडदे वर केले आणि पिल्लं पुन्हा गारठली. दुसऱ्या दिवशी टी फिरवून घेतला. झडपेचं तोंड ओळंब्यात आणि तिची दांडी पाणसळीत, यात सवलत नाही. पाइपच्या वाकणापासूनही (एल्बो) दीड फूट लांब सरकवली.

मग वजन कुठे ठेवायचं? हा प्रश्न डोळ्यांनी सुटत नाही. लाकडाच्या बुखारीला साधारण 10 ते 15 पास्कल (दाबाचं माप) ओढ पुरते, म्हणजे उभ्या नळीतलं पाणी एक ते दीड मिलिमीटर चढेल एवढी. एवढं कोण वाचणार? म्हणून नळी आडवी केली. एका फळीवर सलाइनची नळी अशी ठोकली, की 10 सेंटिमीटर लांबीला 1 सेंटिमीटर चढ. आता एक मिलिमीटर ओढीला पाणी नळीत दहा मिलिमीटर सरकतं. खालचं टोक पाण्याच्या बाटलीत, पाण्यात नीळ आणि भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब, नाहीतर पाणी नळीला चिकटून अडतं. वरच्या टोकाला फ्रिजवाल्याकडचा तांब्याच्या नळीचा तुकडा जोडून तो बुखारी आणि झडप यांच्या मधे पाइपला पाडलेल्या भोकात घातला.

रात्री अकरा वाजता, बाभळीची लाकडं नीट धगधगत असताना, झडप हाताने दाबून धरली. निळं पाणी 22 मिलिमीटर चढलं. हात काढला, वजनाचा नट एकेक आटा आत घेत गेलो आणि पाणी 12 वर आणून थांबवलं. बाबा टॉर्च धरून उभे. "सलाइन कोणाले लावली म्हणाव?" एवढंच बोलले.

पहाटे पिल्लं सगळीकडे सारखी पसरलेली. खाद्याच्या काट्यावर लाकूड मोजलं: आधी रात्रीला 80 किलो जात होतं, आता 55-60.

मात्र झडप लावून विसरायची वस्तू नाही. शेडमधली, धुरापेक्षा गार हवा पाइपात शिरते, म्हणून लाकडाच्या धुराचं डांबर जास्त साचतं. मी दर बॅचनंतर पाइप झाडतो. पाइपातल्या डांबराने पेट घेतलाच, तर ही झडप त्याला हवाच पुरवेल, म्हणून तोंडावर बसेल असं पत्र्याचं झाकण शेजारी खिळ्याला टांगून ठेवलंय. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावलाय, कारण वजन फार हलकं ठेवलं तर ओढ मरते आणि त्या वायूला वास नसतो. शिवाय तुसाची धूळ आणि पिल्लांची लव दांडीच्या टोकांत जाऊन बसते. आठवड्यातून एकदा जुन्या टूथब्रशने झाडावी लागते.

वारा सुटला की झडप टक् टक् वाजते. आवाज बराच वेळ थांबला, तर बाबा खाटेवरूनच हाक मारतात, "पाय रे, तुया दरवाजा अडकला!"