१२२ अंशांसाठी तीन आठवडे

एथिल बेंझोएटपासून बेंझॉइक ॲसिड बनवायला मला एक दुपार पुरली. त्याचा द्रवणांक जुळवून जर्नलवर सही मिळवायला मात्र तीन आठवडे गेले. जुलै संपला तरी राग गेला नाही, म्हणून लिहितेय.

शुद्ध बेंझॉइक ॲसिड १२२ अंश सेल्सिअसला वितळतं. माझं ११३ ला ओलसर दिसायला लागलं आणि ११९ ला पूर्ण वितळलं. सर म्हणाले, "हे बेंझॉइक नाहीच. परत कर." का, ते सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात गरम पाण्यातून पुन्हा स्फटिक केले, सुईसारखे चमकदार आले. आकडा ११४ ते ११९. पुन्हा लाल रेघ. लोकलमध्ये उभ्याने मी तेच डोक्यात घोळवत होते: चुकलं कुठे?

तिसऱ्या वेळी लॅबमधल्या मामांनी डेसिकेटरचं, म्हणजे नमुने कोरडे करायच्या बंद भांड्याचं, झाकण उघडलं. "अगं पोरी, हे बघ." खालच्या कॅल्शियम क्लोराइडचा चिखल झाला होता. मुंबईच्या पावसाळी हवेतलं पाणी पिऊन पिऊन ते स्वतःच विरघळलं होतं, आणि त्याच्याच भरवशावर आम्ही सगळे नमुने आत वाळत ठेवत होतो!

वितळलेल्या द्रवात दुसरं काही विरघळलं, की मूळ पदार्थाच्या रेणूंना परत स्फटिकात जाऊन बसणं जड जातं. म्हणून तो कमी तापमानालाच वितळतो, शिवाय एका ठिकाणी न वितळता पाच-सहा अंश रेंगाळतो. आजी पॉट आइस्क्रीमच्या बर्फात खडे मीठ घालायची ते याचसाठी. मीठ-बर्फ उणे २१ पर्यंत उतरू शकतं. पण विरघळणं महत्त्वाचं. नमुन्यात काचेचा चुरा पडला तर द्रवणांक हलत नाही. माझ्या स्फटिकांत पाणी होतं.

मामांनी नवीन कॅल्शियम क्लोराइड भरून दिलं. दोन दिवसांनी १२१ ते १२२! तरी सरांची खात्री पटेना, म्हणून माझी पूड बाटलीतल्या शुद्ध बेंझॉइकमध्ये घोटून मिश्र द्रवणांक काढला. पदार्थ वेगळा असता तर आकडा घसरला असता. युरिया आणि सिनॅमिक ॲसिड, दोन्ही एकेकटे १३३ च्या आसपास वितळतात, मिसळले की खूप खाली येतात. माझा आकडा जागचा हलला नाही.

हो, द्रवणांक काढताना पूड भरलेली काचेची बारीक नळी, म्हणजे कॅपिलरी, थर्मामीटरला बांधून तेलात तापवतात; ती बांधायचं रबर तेलाच्या वर ठेवा. आणि शेवटचे दहा-पंधरा अंश ज्योत बारीक, मिनिटाला एक-दोन अंशच. घाई केली की तेल पुढे जातं, पूड मागे राहते आणि आकडा जास्त दिसतो.

सही झाली. आधीच्या दोन आकड्यांवरच्या लाल रेघा अजून जर्नलमध्ये आहेत आणि त्या मला खुपतात. ओल्या नमुन्याचे ते बरोबर आकडे होते.