बडोदा, नवरात्र आणि माझी झोप

बडोद्यात राहायचं आणि नवरात्रात अकराच्या आत अंथरुणात शिरायचं, हे इथल्या माणसाला काही केल्या पटत नाही. पण मला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी प्रमाणाबाहेर चढतो तर कधी पार खाली जातो असा मानसिक आजार, आणि नोकरी, पैसे, घरातली शांतता, सगळं माझ्या झोपेवर अवलंबून आहे, म्हणून आज त्याबद्दलच लिहितेय.

जागरण झालं की बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी पेंग येते. बायपोलरमध्ये उलटं होऊ शकतं, झोप कमी होऊनही थकवाच येत नाही, डोकं सुसाट सुटतं, तोंडाला खळ नाही, नवेनवे बेत, ऑनलाइन खरेदी. कमी झोप हे मॅनियाचं, म्हणजे मूड असा चढण्याच्या अवस्थेचं, लक्षणही आणि कारणही, आणि हेच समजावणं सगळ्यात अवघड, कारण तेव्हा मी दिसते एकदम मस्त! ऑफिसात म्हणतात, वा, आज फॉर्मात आहेस. आई तेवढी ओळखते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तारखेच्या चौकोनात मी पेन्सिलीने किती तास झोपले ते लिहिते, शेजारी मूडचा आकडा, उणे तीन ते अधिक तीन. आई चहा गाळता गाळता तिकडे नजर टाकते. लागोपाठ दोन रात्री झोप पाच तासांच्या खाली आणि तरी मी टवटवीत, असं झालं की डॉक्टरांना फोन करायचाच, त्यावर वाद नाही.

औषध लिथियम. 1949 मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी मॅनियावर त्याचा उपयोग दाखवला, आणि इतक्या वर्षांनंतरही ते पहिल्या फळीतलंच आहे. पण रक्तातली पातळी सांभाळावी लागते, साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रति लिटर, फार वर गेली तर विषबाधा. तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, आणि अधूनमधून थायरॉइड आणि क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाची तपासणी) बघायचं. शरीरातलं मीठ-पाणी कमी झालं की लिथियम वर चढतं, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही चढतं. आमची वहिनी गुजराती, तिच्याकडे आषाढात जयापार्वतीचं व्रत, पाच दिवस अळणी आणि शेवटी रात्रभर जागरण. माझ्यासाठी दोन्ही धोक्याचं. वहिनीला एकदा नीट सांगितलं तर ती म्हणाली, ताई, तुम्ही फक्त पूजेला बसा, बाकी माझ्यावर सोडा. अशी माणसं घरात असली की निम्मं ओझं उतरतं.

नोकरी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, माल पाठवण्याच्या डिस्पॅच विभागात. तिथे शिफ्ट फिरती, आणि दर आठवड्याला झोपेची वेळ बदलणं बायपोलरला अजिबात मानवत नाही. मी साहेबांना डॉक्टरांचं पत्र दिलं, त्यात आजाराचं नाव नव्हतं, एवढंच होतं की झोपेची वेळ ठरलेली असणं गरजेचं आहे, नाइट देऊ नये. जनरल शिफ्ट मिळाली, बदल्यात महिनाअखेरचं स्टॉक जुळवायचं किचकट काम मी घेतलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे, हे माहीत असलेलं बरं, पण कायद्याआधी आपल्याला नेमकं काय हवंय ते एका ओळीत सांगता आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आजाराचं नाव सांगायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, जबरदस्ती कुणी करू नये.

डिप्रेशनचे दिवसही येतात, तेव्हा सकाळ फार जड जाते. त्या दिवसांत अवघड कामं दुपारनंतर ठेवते, सकाळी नुसती चलनं लावते, आणि गोळ्या मात्र चुकवत नाही. फारच अंधारून आलं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आणि चोवीस तास, तो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहे.

गरबा मी सोडलेला नाही. आमच्या दांडिया बाजारच्या बाजूला शेरी गरबा, म्हणजे गल्लीतला गरबा, लवकर सुरू होतो, तिथे आरतीपासून जाते, दोन-चार फेऱ्या मनसोक्त खेळते, पाण्याची बाटली कंबरेलाच. मोठ्या मैदानावर रंग चढतो तोच माझ्या झोपेच्या वेळेला, म्हणून तिकडे नाही. यंदा दादाने आपणहून सांगितलंय, दहाला स्कूटर घेऊन येतो, आणि तू अजून एकच फेरी म्हणालीस तरी ऐकणार नाही.