तुम्ही विचारलंत म्हणून: लाकूड कोण नेणार?

परवा तुमच्या सोसायटीतल्या रेन ट्रीखाली मी दोर गुंडाळत होतो, तेव्हा तुम्ही विचारलंत, "तुम्ही म्हणे आधी अकाउंट्समध्ये होतात. मग हे झाडांच्या छाटणीचं काम कसं काय?" आणि पाठोपाठ खरा प्रश्न आला. तुमचा मुलगा बी.कॉम. झालाय, शनिवार-रविवार कुठल्यातरी कड्यावर दोराला लटकलेला असतो, त्याला या कामात येऊ द्यावं का? पोरं फांद्या ओढत होती, टेम्पोवाला घाई करत होता, म्हणून मी "सावकाश सांगतो" म्हणालो. पहिला प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक कामावर कोणीतरी विचारतं. एकदा नीट लिहूनच द्यावं असं वाटलं.

लोक विचारतात, हिशेब सोडून झाडांकडे कसे वळलात? मी हिशेबामुळेच वळलो.

2009 सालचा मे महिना. आमच्या सोसायटीत पार्किंगवर झुकलेला एक मोठा गुलमोहोर होता. वळवाच्या पावसात त्याची एक फांदी मोडून अर्धवट लोंबकळत राहिली. मी सोसायटीचा खजिनदार होतो. दिवसा एका कंपनीत व्हाउचर तपासायचो आणि रात्री सोसायटीची वही लिहायचो. कोणीतरी झाडं तोडणाऱ्या एकाला बोलावलं. त्याने वर बघून सांगितलं, "पैसे नकोत. लाकूड आमचं." कमिटी खूश झाली, मीही झालो. संध्याकाळी ऑफिसमधून आलो तर गुलमोहोराचा खांब झाला होता. माणसाच्या मांडीएवढ्या फांद्या टेम्पोत भरून वखारीला गेल्या होत्या. शेंड्याकडची वाळकी काटकी मात्र खाली कुंपणाशी तशीच पडून होती.

त्या रात्री वही लिहायला बसलो तर लिहायला काहीच नव्हतं. खर्च शून्य, जमा शून्य. तीस-पस्तीस वर्षांचं झाड गेलं आणि वहीत त्याची एक ओळ नाही. माझ्या धंद्यातली ही सगळ्यात खोटी नोंद होती आणि ती मी स्वतः केली होती. त्या माणसावर माझा राग नव्हता, आजही नाही. मोबदला लाकडात मिळत असेल तर त्याची करवत जाड, जिवंत, वजनदार फांदीकडेच जाणार. धोका असतो तो वाळक्या, टोकाकडच्या फांदीत. तिला वजन नाही आणि तिच्यापर्यंत पोचायला कष्ट फार. त्याने त्याच्या हिशेबाप्रमाणे अगदी चोख काम केलं होतं. आपणच चुकीचा हिशेब मांडून दिला होता.

पुढे त्या खांबाला पानसोट फुटले, सरळसोट, हिरवेगार, आणि सगळे म्हणाले, "बघा, झाड किती जोमात आलं!" असे फुटवे खोडाच्या फक्त बाहेरच्या थराला धरून असतात, त्यांचं मूळ लाकडात खोल गेलेलं नसतं. तिसऱ्या पावसाळ्यात ते एकेक करून मोडायला लागले. मग बुंध्याशी तपकिरी, चकचकीत छत्र्या उगवल्या. ती मुळं-बुंधा सडवणारी गॅनोडर्मा बुरशी, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. झाड शेवटी मुळातूनच काढावं लागलं.

शेजारच्या सोसायटीचीही अशीच तक्रार होती. मी म्हणालो, मी चढतो, फक्त वाळकं तेवढं काढतो, हात लावायच्या आधी उद्यान विभागाचं पत्र तुम्ही आणा. शहरात झाड तुमच्या आवारात असलं तरी ते तुमच्या मर्जीने तोडता येत नाही. 1975 पासून त्यासाठी राज्याचा कायदा आहे. सह्याद्रीत दोरावर चढण्याची सवय होतीच. दोन मित्र घेतले, हार्नेस घेतले, एक हातकरवत विकत आणली. काम झाल्यावर सेक्रेटरींनी विचारलं, "पैशांचं नंतर बघू, आधी सांगा, लाकूड कोण नेणार?" मी म्हणालो, "लाकूड तुमचंच. मला माझ्या दिवसाचे पैसे द्या." ते चक्रावले, पण दिले. तेव्हापासून आजतागायत माझा एवढा एकच नियम मोडलेला नाही. मी कामाचे पैसे घेतो, लाकूड घेत नाही. म्हणून "ही फांदी काढायची गरज नाही" असं सांगताना माझं काही जात नाही.

2012 मध्ये नोकरी सोडली. पहिल्या वर्षीची कमाई पगाराच्या निम्म्याहूनही कमी होती. घरी ती गोष्ट अवघड गेली, तिच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

चढता येत होतं, पण कापता येत नव्हतं, हे कळायला मला फार वेळ लागला. सुरुवातीला एका शिरीषाची मोठी फांदी मी खोडाला अगदी खेटून कापली, गुळगुळीत, आणि वर डांबर फासलं. घरमालकांनी सफाईचं कौतुक केलं. चार वर्षांनी त्याच झाडावर परत गेलो तेव्हा त्या जागी लाकडी हातोडीने ठोकलं आणि आतून पोकळ आवाज आला. हातोडी हातातच राहिली. माझ्याच कापाच्या आत सड पसरली होती.

त्यानंतर मी वाचायला बसलो. अमेरिकेच्या वनखात्यात ॲलेक्स शायगो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून आतल्या जखमा बघितल्या आणि 1977 मध्ये त्यावरून मांडणी केली. आपली कातडी भरून येते तशी झाडाची जखम भरून येत नाही. झाड ती जागा आतून बंद करून टाकतं, जणू चारी बाजूंनी भिंती घालतं, आणि बाहेरून नवं लाकूड वाढवून ती झाकतं. जुनी जखम आत तशीच राहते, कायमची. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे बुडाशी एक फुगवटा असतो, शर्टाच्या कॉलरसारखा. भिंत घालायची सामग्री त्या फुगवट्यात असते. मी शिरीषाचा तो फुगवटाच कापून काढला होता. डांबराने सड थांबत नाही, फक्त आपल्या डोळ्यांआड होते.

हिशेबाच्या माणसाला ही गोष्ट एकदम पटली. वहीत चुकीची नोंद झाली तर उलट नोंद करून ती दुरुस्त करता येते. झाडात उलट नोंद नाही.

त्याच वाचनात मोठी फांदी कापण्याची तीन घावांची रीत होती: आधी बुडापासून थोडं दूर, खालून एक उथळ काप, मग त्याच्या जरा पुढे वरून पूर्ण काप, आणि वजन उतरल्यावर फुगवट्याच्या बाहेरून शेवटचा. वाचता वाचता मला दापोली तालुक्यातलं आमचं गाव आठवलं. उन्हाळ्याच्या तोंडावर आजोबा ऐन-किंजळाची कवळ, म्हणजे पानांसकट डहाळ्या, तोडायला जायचे, राब भाजायला, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन त्या डहाळ्या पसरून भाजून घ्यायला. कमरेला आकडी, आकडीत कोयता. मी खाली उभा राहून मोळ्या बांधायचो. मोठी फांदी असली की ते वरून सांगायचे, "आधी खालनं घाव घालायचा, नायतर साल फाटत जाते." दरवर्षी त्याच झाडांची कवळ निघायची, शेंडा कायम राखलेला, आणि ती झाडं माझ्या वडिलांच्या लहानपणापासून उभी होती. चाळिशीला येऊन, इंग्रजी पुस्तकातून, मी आजोबांचं म्हणणं शिकत होतो. ते तेव्हा हयात नव्हते. असते तर मी त्यांना तेवढ्यासाठी गावी जाऊन भेटलो असतो.

2016 मध्ये इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या झाडांची निगा राखणाऱ्यांच्या संस्थेची परीक्षा दिली. दोनशे प्रश्न असतात आणि बसण्याआधी कामाचा अनुभव दाखवावा लागतो. तो कागद उपयोगी पडतो, विशेषतः कंपन्यांच्या आवारात. तुमच्या वॉचमनसाठी मी 'झाडवाले'च आहे, आणि मला तो शब्द आवडतो.

तुमच्या मुलाला वाटत असेल की हे काम वर चढण्याचं आहे. माझ्या दिवसातला बराच वेळ खाली जातो, झाडाभोवती फिरण्यात. बुंध्याशी माती उचलली गेली आहे का, साल कुठे बसली आहे, दोन फांद्यांच्या बेचक्यात साल अडकली आहे का. आणि सगळ्यात आधी जमीन. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि पानांच्या घेराच्याही बाहेर पसरतात, हे सांगितलं की लोक माझ्याकडे अविश्वासाने बघतात. सगळ्यांच्या मनात मुळं म्हणजे खाली उतरणारं गाजर. म्हणून केबलसाठी चर खणताना एका बाजूची मुळं सपासप तुटतात आणि कोणाला काही वाटत नाही. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसतात. दोन पावसाळ्यांनी झाड कोसळतं आणि आपण म्हणतो, वाऱ्याने पडलं. अशा झाडाच्या फांद्या छाटून मी पैसे घेऊ शकतो, पण त्याला हवा असतो तो बुंध्याभोवतीचा मोकळा मीटरभर. परवा तुमच्याकडे मी अर्धा दिवस ब्लॉक उचलण्यात घालवला तो त्यासाठीच.

आणि हो, पूर्वेकडची एक वाळकी फांदी आखूड करून तशीच का ठेवली, हेही तुम्ही विचारलं होतं. तिच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी आहे. खाली रस्ता नाही, पार्किंग नाही. तिथून ती पडली तरी कोणाच्या अंगावर पडणार नाही. मग ती काढायची कशाला?

एक प्रसंग सांगायचा राहिला. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. टाळेबंदीत परवाना मिळवून मी गावी पोचेपर्यंत दहा दिवस गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माड-पोफळी आडव्या होत्या. आमच्या बागेत चौदा हापूस कलमं पडली होती. काका पडवीत बसले होते आणि अंगणात लाकडाचा व्यापारी दर सांगत होता. पुन्हा तेच, लाकूड कोण नेणार. मी काकांना म्हणालो, "दोन दिवस थांबा." जुनी, अवजड कलमं गेलीच होती, त्यांचा सौदा होऊ दिला. पण पंधरा वर्षांच्या आतली सहा अशी होती की त्यांची एका बाजूची मुळं अजून मातीत होती. त्यांचा भार हलका केला, तुटलेली मुळं साफ कापली, चेन पुलीने कलमं हळूहळू उभी केली, माती भरली, टेकू दिले. काका पूर्ण वेळ काही बोलले नाहीत. सहापैकी चार जगली. तिसऱ्या वर्षी त्यांतल्या एकाला मोहोर आला तेव्हा काकांनी फोन केला आणि फक्त एवढंच म्हणाले, "तुझं ते बांधावरचं धरलंय बघ."

आता तुमच्या मुलाबद्दल. धोका आहे, तो लपवणार नाही. कड्यावर हातात करवत नसते. झाडावर आपल्याच दोराजवळ ती चालवायची असते, म्हणून कापताना दोन ठिकाणी बांधून घ्यायचं, एकावर कधीच नाही. वीजवाहिनी जवळ असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय चढायचं नाही, भले गिऱ्हाईक चिडो. आग्या मोहोळ दिसलं की त्या दिवशी काम बंद. पैसे एप्रिल ते जुलै बरे मिळतात, मग ओढाताण. अपघाताचा विमा मिळवायला मला जेवढे खेटे घालावे लागले तेवढे दुसऱ्या कुठल्या कागदासाठी लागले नाहीत. आणि लग्नाच्या बैठकीत "मुलगा काय करतो" याचं उत्तर देताना तुम्हाला अवघड जाईल. माझ्या आईला जायचं. पण या शहरात झाड लावणारे खूप आहेत, तोडणारे खूप आहेत, आणि लावल्यापासून तोडेपर्यंतच्या पन्नास-साठ वर्षांत त्याच्याकडे बघणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्याला तिथे जागा आहे.

सोमवारी एरंडवण्यात एका चिंचेचं काम आहे. त्याला सकाळी साडेसहाला पाठवा. पायात बूट, लांब बाह्यांचा शर्ट. पहिले तीन महिने मी त्याला वर जाऊ देणार नाही. तो दोर धरेल, फांद्या ओढेल आणि प्रत्येक झाडाभोवती फिरून जे दिसलं ते वहीत लिहील. त्याच्या बी.कॉम.चा उपयोग तिथे होईल.

तुमच्या रेन ट्रीचे ओंडके अजून गेटपाशी आहेत. कोणी वखारवाला विचारायला आला तर देऊ नका. बारीक फांद्यांचा भुगा मी बुधवारी करून आणतो, तो बुंध्याला न टेकवता मोकळ्या मातीवर पसरू. ओंडके मुलांना बसायला होतील.