चुंबकाला चिकटलेली भुकटी

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घराशेजारी एक डाइंग होते. तिथले रंगारी निळीच्या हौदात कॉस्टिक सोड्याबरोबर ‘हायड्रोस’ टाकत आणि पाहता पाहता गडद निळे पाणी पिवळट हिरवे होई. सुताची लडी बाहेर काढून हवेत झटकली की ती पुन्हा निळी होत जाई. क्षपण (पदार्थाला इलेक्ट्रॉन मिळणे, जसे ऑक्साइडातला ऑक्सिजन निघून जाणे) आणि त्याच्या उलट ऑक्सिडीकरण हे शब्द मला पुष्कळ नंतर पुस्तकात भेटले, पण रंग पालटला म्हणजे आत काहीतरी घडले आहे, ही खूणगाठ मनात तिथेच बसली.

गेली काही वर्षे मी ज्या कामात गुंतलो आहे, त्यातही पहिली साक्ष रंगच देतो. संक्रमण धातूंची ऑक्साइडे आणि एखादे धातू-हायड्राइड (धातू आणि हायड्रोजन यांचे संयुग) पोलादी गोळ्यांबरोबर बंद जारमध्ये घालून, भट्टी न पेटवता, नुसते दळून क्षपण घडवायचे, असे हे काम आहे. टंगस्टनच्या पिवळ्या ऑक्साइडात हायड्राइड मुद्दाम कमी घातले, तर जार उघडल्यावर आत निळी भुकटी दिसते. डाइंगमध्ये क्षपणाने निळ्याचे पिवळे होई, इथे पिवळ्याचे निळे होते. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मी बराच वेळ ग्लोव्ह बॉक्सच्या, म्हणजे हवा वगळून हातमोज्यांतून काम करायच्या बंद पेटीच्या, काचेशी उभा होतो.

दळणे म्हणजे केवळ बारीक करणे, हा समज मात्र चुकीचा आहे. फॅरेडे यांनी १८२० मध्येच सिल्व्हर क्लोराइड जस्ताबरोबर खलात घोटून चांदी मिळवली होती. पुढे १८९० च्या दशकात कॅरी ली यांनी दाखवले, की मर्क्युरिक क्लोराइड तापवले तर न मोडता त्याची वाफ होते, पण घोटले तर त्याचे विघटन होते. म्हणजे घोटण्याने जे घडते ते केवळ उष्णतेचे काम नव्हे. १९८९ मध्ये शॅफर आणि मॅककॉर्मिक यांनी कॉपर ऑक्साइड आणि कॅल्शिअम एकत्र दळून तांबे मिळवले, आणि ऑक्साइडांच्या क्षपणाची ही वाट मोकळी झाली.

मग कॅल्शिअम धातू सोडून हायड्राइड का वापरायचे? कॅल्शिअम मऊ असतो, तो फुटण्याऐवजी गोळ्यांना आणि जारच्या भिंतींना लिंपला जातो. कॅल्शिअम हायड्राइड ठिसूळ असते, प्रत्येक आघाताला फुटते आणि ऑक्साइडाला ताजा पृष्ठभाग भेटत राहतो. निकेल ऑक्साइडाबरोबर त्याची अभिक्रिया होऊन निकेल, कॅल्शिअम ऑक्साइड आणि हायड्रोजन तयार होतात. दर मोलमागे सुमारे २१० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, त्यामुळे एकदा सुरुवात झाली की थांबण्याचे कारण उरत नाही.

या हायड्रोजनचा हिशेब जार भरण्याआधीच करावा, असा माझा आग्रह आहे. ५ ग्रॅम निकेल ऑक्साइडाला सुमारे २.८ ग्रॅम हायड्राइड लागते, आणि त्यातून साधारण दीड लिटरहून थोडा अधिक वायू निघतो. २५० मिलिलिटरच्या बंद जारमध्ये तो कोंडला, की आत आधीच भरलेल्या अर्गॉन या निष्क्रिय वायूच्या दाबात जवळजवळ सात वातावरणांची भर पडते. म्हणून झाकणाला झडप हवी, जार पूर्ण निवू द्यावा आणि वायू सावकाश सोडावा. आतली भुकटी हवा लागताच पेटू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

माझी चूक मात्र या सगळ्यानंतरच्या टप्प्यावर झाली. निकेल ऑक्साइडाची हिरवी भुकटी काळी झाली होती. अमोनियम क्लोराइड मेथेनॉलमध्ये विरघळवून त्या द्रावणाने मी ती धुतली, म्हणजे कॅल्शिअम ऑक्साइड निघून गेले, आणि उरलेली भुकटी चुंबकाला टपकन चिकटली. एक्स-रे विवर्तनाच्या आलेखात, जिथे प्रत्येक स्फटिकी पदार्थाची शिखरे ठरावीक कोनांवर येतात, ४४.५ अंशांजवळ रुंद शिखरही दिसले. निकेल मिळाले, असे मी वहीत लिहूनही टाकले.

पण लोखंडाचे मुख्य शिखर ४४.७ अंशांवर येते, आणि लोखंडही चुंबकाला चिकटते. जार पोलादाचा, गोळ्याही पोलादाच्या. तासन् तास दळल्याने स्फटिक इतके लहान होतात, की शिखरे पसरट होतात आणि ०.२ अंशांचा फरक त्यात बुडून जातो. न धुतलेल्या नमुन्यात तर ३७.३ अंशांजवळ कॅल्शिअम ऑक्साइड आणि उरलेले निकेल ऑक्साइड दोघेही येऊन बसतात, त्यामुळे त्या शिखरावरून अभिक्रिया पूर्ण झाली की नाही हेही सांगता येत नाही. ज्यांच्यावर मी विसंबलो होतो, त्या दोन्ही खुणा एकट्या निकेलच्याच साक्षी नव्हत्या.

सुटका दुसऱ्या शिखरांनी केली. निकेलचे दुसरे शिखर ५१.८ अंशांवर असते आणि लोखंडाचे ६५ अंशांवर. निकेल ऑक्साइड उरले असेल तर ते ४३.३ आणि ६२.९ अंशांवर दिसते. टंगस्टन कार्बाइडचा जार घ्यावा, असे एका सहकाऱ्याने सुचवले, पण त्यात बहुधा कण एकत्र धरून ठेवणारा कोबाल्टचा बंधक असतो आणि तोही चुंबकाला चिकटतो. तेव्हा मी जार तोच ठेवला आणि निकेल ऑक्साइडाऐवजी कॅल्शिअम ऑक्साइड घालून, बाकी सारे तसेच ठेवून, तितकेच तास दळले. यात निकेल नव्हतेच, तेव्हा जारचे लोखंड मिसळले नसते तर ती भुकटी पांढरी राहायला हवी होती. ती राखाडी निघाली, आणि चुंबक जवळ नेताच तिची एक बारीकशी रेघ उठून उभी राहिली. जुन्या नमुन्याचा आलेख मग मी नव्याने काढून घेतला. ५१.८ अंशांवर शिखर होते आणि ६५ अंशांवरही एक बुटका उंचवटा होता. वहीतल्या ‘निकेल मिळाले’ या ओळीपुढे मी त्याच दिवशी ‘लोखंडासह’ एवढा शब्द जोडला.