गुप्तधनाच्या बंदोबस्ताला

बॉम्ब शोधक व नाशक पथकातली नोकरी म्हणजे काही न सापडण्याची नोकरी. मंत्र्यांची सभा असो, गणपती असोत, स्टेजखाली वाकायचं, कचराकुंड्या तपासायच्या, मशीन फिरवायचं आणि काही आढळलं नाही असा रिपोर्ट द्यायचा. म्हणून मे महिन्याच्या शेवटी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून ‘डीप सर्च मशीन घेऊन जा, नाणी शोधायचीत’ असं सांगितलं, तेव्हा मला आधी चेष्टाच वाटली. तहसीलदारांचं पत्र दाखवलं, मग गाडी काढली.

गाव गोदाकाठचं. एका शेतकऱ्यानं पेरणीसाठी रान तयार करायला रोटाव्हेटर घातला आणि मातीतून तांब्याच्या चकत्या वर आल्या. ड्रायव्हरनं दोन खिशात घातल्या, पोरांनी मूठ मूठ उचलल्या आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं. त्यातच कुणीतरी नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीची आठवण काढली. तिथं १९०६ साली चांदीची तेरा हजारांवर नाणी निघाली होती, क्षत्रप राजा नहपानाची, आणि त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप मारून घेतलेला. एवढं ऐकल्यावर रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं रानात उतरणारच. तलाठी आणि पोलीस पाटलांनी त्या रात्री बांधावर जागरण केलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा बांधावर जत्रा भरली होती. गाडीतून उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न, ‘साहेब, कुत्रं नाही आणलं?’ कुत्र्याला सोन्याचा वास येत नाही, हे समजावण्यात दहा मिनिटं गेली.

पुरातत्त्व विभागाच्या मॅडम आधीच रानात होत्या. डोक्याला रुमाल, हातात टेप आणि पुढं फक्कीनं आखलेले चौकोन. मला म्हणाल्या, ‘दादा, आपल्याला नाणी गोळा करायची नाहीत. ती कुठं कुठं पडलीत ते बघायचंय. मशीन वाजलं की झेंडी लावा, उकरू नका. उकरायचं मी बघते.’ आमच्या कामातही वाजलं की हात लावायचा नसतो, त्यामुळे बाईंचं आणि माझं लगेच जमलं.

आमचं मशीन सुरुंग आणि पुरलेला दारूगोळा शोधायला दिलेलं. खालच्या कडीतून चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातू असला की त्यात प्रवाह फिरतो आणि कानात आवाज येतो. धातू कुठला ते ते सांगत नाही. हौशी लोकांच्या मशीनवर म्हणे आकडे येतात आणि चांदी की खिळा याचा थोडाफार अंदाज बांधता येतो. आमच्याला नुसतं ओरडता येतं. पण कान तयार झाला की ओरडण्यातही फरक कळतो. वरच्या थरातली बारीक वस्तू टचकन वाजते आणि लगेच थांबते. खोल, मोठी वस्तू आधी कण्हते, मग चढते आणि सावकाश उतरते.

त्या रानात काय काय वाजलं! गुटख्याच्या पुड्या, बाटल्यांची बुचं, बैलाच्या पायातली झिजलेली पत्री, ठिबकची तार, एक पैंजणाचं घुंगरू. दर झेंडीला बांधावरून ‘निघाला, निघाला’ असा गलका व्हायचा आणि मॅडमनी पुडी वर काढली की हशा. दुपारपर्यंत ऊन असं चढलं, की हेडफोनमधून घाम निथळत होता.

पहिलं नाणं मला आवाजावरूनच कळलं. बुचापेक्षा भरीव आणि आखूड. मॅडमनी लहान थापीनं माती बाजूला केली, ब्रश फिरवला आणि तळहातावर ठेवून दाखवलं. हिरवा गंज चढलेली, कडा ओबडधोबड, आकाराच्या मानानं जड चकती. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, त्यातलं ‘व’ अर्धं कडेबाहेर गेलेलं. दुसऱ्या बाजूला ‘छत्र’ आणि त्याखाली ‘पति’चा नुसता वरचा भाग. पोलीस पाटलांनी चप्पल काढली. मागोमाग बांधावरच्या निम्म्या माणसांनी काढली.

मॅडमची खरी कसोटी तिथं लागली. शिवराई म्हणजे महाराजांच्या नावाचं हे तांब्याचं नाणं. पहिली शिवराई राज्याभिषेकाच्या सुमाराची, १६७४ची. पण हा छाप पुढं शंभर-दीडशे वर्षं पाडला जात होता, पेशवाईत तर गावोगावच्या टांकसाळींतून. ओळींमध्ये दोन रेघा दिसल्या की ती दुदांडी, म्हणजे नंतरची. या रानातल्या बहुतेक तशाच. हे त्यांनी इतक्या बेतानं सांगितलं, की कुणी दुखावलं नाही. एक म्हातारे मात्र म्हणाले, ‘नाव तर महाराजांचंच ना?’ मॅडम म्हणाल्या, ‘नाव महाराजांचंच.’ तेवढ्यानं भागलं. सोन्याच्या आशेवर आलेली पोरं हळूहळू पांगली.

इकडं देवळाच्या भोंग्यावरून सरपंच पुकारत होते, की ज्यांनी नाणी नेली त्यांनी आणून द्यावीत, कुणावर केस होणार नाही. लोक खरंच आले. एका आजींनी पदरात बांधून सात आणल्या, चिंच-मीठ लावून नव्या तांब्यासारख्या लखलखीत केलेल्या, वर हळदकुंकू. मॅडमच्या चेहऱ्यावरचं दुःख मी पाहिलं. घासल्यावर वरचा थर गेला, अक्षरांची धार गेली. तरी त्या आजींना म्हणाल्या, ‘छान जपलीत हो.’

चहाच्या वेळी त्यांनी इंग्लंडमधली गोष्ट सांगितली. १९९२ साली सफोकमधल्या हॉक्सन गावात एका शेतकऱ्याची हातोडी हरवली, ती शोधायला मशीनवाला मित्र आला आणि त्याला लागली रोमन काळातली सोन्याचांदीची नाणी, सुमारे पंधरा हजार. दोघांनी थोडं काढून बघितलं, हात आवरला आणि कळवलं. म्हणून जाणकारांना उरलेला ऐवज लाकडी पेटीच्या खुणांसकट जागेवर बघता आला. हातोडीही सापडली, तीही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

दुपारनंतर झेंड्या पाहिल्या तर त्या रोटाव्हेटरच्या तासांच्या दिशेनं लांबलेल्या आणि वरच्या टोकाला दाट. त्या दाटीत मशीन कण्हायला लागलं. खोल, रुंद आवाज. तहसीलदार साहेब स्वतः पुढं आले. फूटभर खाली निघाला पलटी नांगराचा फाळ, मोडका. बांधावर कुणीतरी शिट्टी मारली. मॅडमनी मात्र फाळ तिथंच ठेवायला लावला आणि आजूबाजूची माती चिमटीचिमटीनं काढत राहिल्या. वीतभर बाजूला काळ्या मडक्याचा बुडखा लागला आणि त्यात एकमेकांना चिकटून बसलेल्या शिवराई नाण्यांचा गोळा. नांगरट करताना याच फाळानं मडकं फोडलं असणार, वरचा भाग मग रोटाव्हेटरनं पसरवला. फोटो काढताना त्यांनी फाळ आणि मडकं एकाच चौकटीत घेतलं.

पंचनाम्याला सगळी मिळून २१२ नाणी भरली, गोळा वेगळा. मग वाद पेटला. कायदा १८७८चा, निखात निधीचा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. ते दहा रुपये आजही दहाच आहेत. नाण्यांचा मालक कोणी निघाला नाही आणि आपसात काही ठरलेलं नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला, एक हिस्सा जमीनमालकाला. ड्रायव्हर म्हणाला, सापडलं मला. शेतकरी म्हणाला, ‘रान माझं, डिझेल माझं आणि मला चार आणे?’ तहसीलदारांनी पुढचं कलम वाचलं, की सरकारला नाणी ठेवून घ्यायची असली तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा.

‘तांब्याचा भाव?’ शेतकऱ्यानं विचारलं.

‘तांब्याचा.’

दोघंही गप्प झाले आणि पंचनाम्यावर सह्या करून टाकल्या. तलाठ्यानं विचारलं, यादीत फाळ घ्यायचा का? मॅडम जरा घुटमळल्या. शेतकरी घाईनं म्हणाला, ‘साहेब, तो तरी द्या. वेल्डिंग मारून चालंल.’ तहसीलदार हसले आणि ‘फाळ मूळ मालकास परत’ अशी ओळ घालायला सांगितली. मालकानं तिच्याखाली वेगळी सही केली.