‘हो, बघत नाही’

ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) मूल्यमापनाची ही फाइल आधी दोनदा बंद झालेली होती. दोन्ही वेळा शेरा एकच: ‘कुटुंब गैरहजर’. मुलगा ४ वर्षं ३ महिन्यांचा. तिसऱ्या खेपेला ते आले, कारण बालवाडीतल्या मदतनीस बाईंनी त्याच्या आईला तिच्या भाषेत फोन केला. आधीची दोन्ही पत्रं कार्यालयीन भाषेत गेली होती. वेळ बदलून घ्यायची तर रेकॉर्ड केलेल्या सूचना ऐकत आकडे दाबत जायचं, आणि त्या सूचनाही त्याच भाषेत. घरात ते पत्र वाचू शकणारी एकच व्यक्ती, मुलाची मोठी बहीण, आणि ती दिवसभर शाळेत. गैरहजेरीचे टक्के आमच्याकडे दर महिन्याच्या बैठकीत मांडले जातात. पत्र कोणत्या भाषेत गेलं होतं, हे कुणी मांडत नाही.

फाइलच्या तळाशी २५व्या महिन्यात भरलेला एम-चॅट-आर होता. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांत ऑटिझमची शक्यता दिसते का हे बघायला पालकांना विचारायचे हे २० हो-नाही प्रश्न. काळजीच्या प्रत्येक उत्तराला एक गुण. ही नुसती चाळणी, निदान नव्हे. २ पर्यंत गुण आले तर तूर्त काही करायचं नाही. ३ ते ७ आले तर अडलेल्या प्रश्नांवर सविस्तर मुलाखत घ्यायची, आणि तिच्यातही २ किंवा जास्त गुण उरले तर मुलाला पुढे पाठवायचं. ८ किंवा त्याहून जास्त असतील तर थेट पुढे. या मुलाचे गुण होते २. ‘माहिती देणारी व्यक्ती’पुढे ‘आई’ असं लिहिलेलं. दुभाष्यासाठी रकानाच नव्हता.

या फॉर्ममध्ये १७ प्रश्न असे आहेत की ‘हो’ म्हटलं की काळजी नाही. २, ५ आणि १२ हे तीन उलटे: मूल बहिरं आहे की काय अशी शंका कधी आली का, डोळ्यांजवळ बोटं विचित्र हलवतं का, रोजच्या आवाजांनी अस्वस्थ होतं का. डॉक्टरांपुढे भिडेपोटी सगळ्यालाच माना डोलावणारे पालक असतात. त्यांचे आपोआप ३ गुण होतात आणि ते पुढच्या मुलाखतीत सापडतात. इथे या तिन्हींना नेमकं ‘नाही’ होतं. म्हणजे प्रश्न समजून उत्तरं दिलेली दिसतात, असं मी मूल्यमापनाच्या आदल्या दिवशी फाइल वाचताना म्हणाले होते.

दुभाषी बाई समोर हव्यात, फोनवर नकोत, हे भांडून मिळवावं लागलं. फोनवरच्या दुभाष्याला मूल दिसत नाही. मुलाने आईचा हात धरून कपाटाकडे नेला, की मुलाखत थांबवून ते वर्णन करत बसावं लागतं, तोवर मूल दुसरीकडे गेलेलं असतं. समोरासमोरचा दुभाषी आला तरी आधी दहा मिनिटं त्याच्याशी स्वतंत्र बोलल्याशिवाय मी मुलाला आत घेत नाही. बसायचं आईच्या बाजूला, जरा मागे, म्हणजे आई माझ्याकडे बघून बोलते. ‘त्या म्हणताहेत की’ लावायचं नाही. आई ‘मी’ म्हणाली तर ‘मी’च म्हणायचं. खोलीत जे जे बोललं जाईल ते सगळं सगळ्यांसाठी भाषांतरित करायचं, बाजूला कुजबुज नाही. आणि मुलाचं बोलणं दुरुस्त करायचं नाही. तुटकं, उलटसुलट, निरर्थक, जसं येईल तसं.

हा शेवटचा मुद्दा मी पुरेसा ठासून सांगितला नव्हता. मुलगा वीसेक मिनिटांनी बाटलीकडे आला आणि स्पष्ट तीन-चार शब्द बोलला. दुभाषी बाई म्हणाल्या, ‘मला पाणी हवंय.’ मी ‘शब्दांनी मागणी केली’ असं टिपलं. मला त्यांची भाषा येत नाही, पण वाक्याचा शेवट प्रश्नासारखा वर गेला होता, आणि तो बोलताना ना माझ्याकडे बघत होता, ना आईकडे. मी विचारलं, नेमके शब्द काय होते? बाईंनी जरा ओशाळून सांगितलं, ‘तुला पाणी देऊ का?’

आई जे म्हणते तेच वाक्य, तिच्याच सुरात. याला इकोलालिया म्हणतात. त्याला मागायचंच होतं, म्हणजे ते बोलणं निरर्थक नव्हतं. पण ‘मी’ आणि ‘तू’ची अदलाबदल, अख्खं वाक्य उचलून वापरणं, मागताना नजर न जोडणं, या तीन गोष्टी तिथे एकाच वाक्यात होत्या, आणि बाईंच्या चांगुलपणाने त्या पुसल्या गेल्या होत्या. चांगला दुभाषी सवयीने वाक्य नीट करूनच देतो. दुसऱ्या कुठल्याही कामात तो गुणच असतो.

उलट दिशेची चूक माझी. नावाने हाक मारून मूल वळतं का, हे बघायचं असतं. फाइलवरच्या नावाने मी हाक मारली, काही नाही. आईला मारायला सांगितली, तिनेही तेच नाव घेतलं, कारण सरकारी वाटणाऱ्या जागी कागदावरचंच नाव घ्यायचं असतं. तेव्हाही काही नाही. कोपऱ्यात बसलेली बहीण म्हणाली, ‘ह्या नावाने त्याला घरी कुणीच बोलवत नाही.’ तिने टोपणनावाने हाक मारली आणि तो गर्रकन वळला. लगेच परत ठोकळ्यांकडे गेला, तरी वळला. घरातलं नाव विचारणं हे तपासणीच्या फॉर्मवर पहिल्या ओळीत असायला हवं. आमच्या फॉर्मवर पहिल्या ओळीत पिनकोड आहे.

बहीण खोलीत होती ती माझ्या परवानगीने. आई-वडील पाळीने काम करतात, संध्याकाळी मुलाला तीच सांभाळते. तिला माहीत असलेलं आईलाही माहीत नव्हतं. मिक्सर लागला की तो कान दाबून पलंगाखाली जातो. वस्तू आणून देतो ती उघडून हवी असते म्हणून. नुसती दाखवायला कधीच आणत नाही. हवं ते बोटाने दाखवत नाही, मनगट धरून हात तिथे नेऊन ठेवतो. हा फरक शब्दांत विचारून कळत नाही. ‘बोट दाखवतो का?’ला बहुतेक घरांतून ‘हो’च येतं, कारण लोक ‘त्याला काय हवं ते आम्हाला कळतं का?’ या प्रश्नाचं उत्तर देत असतात. म्हणून मी आता करून दाखवते: एकदा तर्जनी, एकदा अख्खा पंजा, एकदा मनगट ओढणं, आणि विचारते, यातलं कुठलं? घरचे व्हिडिओही मागते, दोन-तीन मिनिटांचे चार: जेवताना, एकटा खेळताना, कुणाबरोबर तरी, आणि चिडलेला. बोलायला लावू नका, शिकवू नका, फक्त फोन धरून ठेवा.

प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतही मी घसरलेच. दीड तास झाल्यावर माझ्या तोंडून गेलं, ‘पलीकडे बोट दाखवलं तर तो तिकडे बघत नाही का?’ आईने मान हलवून ‘हो’ म्हटलं आणि मी ‘बघतो’वर खूण करणार, तेवढ्यात दुभाषी बाई म्हणाल्या, ‘हो, बघत नाही.’ मराठीतही आपण असंच बोलतो. नकारार्थी प्रश्नाला ‘हो’ म्हणजे नकाराला दुजोरा. कागदावरच्या चौकोनाला ते कळत नाही.

मध्येच निघालेली एक गोष्ट. आईने सांगितलं की वर्षभर ती घरात मुलाशी शाळेच्याच भाषेत बोलते, कारण कुणीतरी थेरपिस्टने ‘दोन भाषांमुळे गोंधळतो’ असं सांगितलं होतं. तिला त्या भाषेतली मोजकीच वाक्यं येतात: ये, बस, नको, चल. गाणी, लाडाने चिडवणं, झोपवताना बडबडणं सगळं बंद. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलाची वाढ मागे पडते, याला संशोधनात आधार मिळालेला नाही. तरीही आमच्याच क्षेत्रातले लोक हा सल्ला सर्दीच्या गोळीसारखा वाटतात, याचा मला राग येतो. मुलाशी सर्वांत जास्त बोलणाऱ्या माणसाला आपण जवळजवळ मुकं करून सोडतो.

निरीक्षण संपल्यावर मी जुना फॉर्म काढला. चार वर्षांच्या मुलाला तो लावून गुण काढण्यात अर्थ नसतो, आणि आठवणीतून दिलेली उत्तरं ग्राह्यही धरायची नसतात. पण सुरुवातीच्या काळाचा इतिहास घ्यायचाच होता, आणि फॉर्म कुठे फसला हे मला बघायचं होतं. दुभाषी बाईंबरोबर एकेक प्रश्न घेत गेलो. बोटाने मागणं, बोटाने दाखवणं, वस्तू दाखवायला आणणं, आवाजांचा त्रास, बहिरेपणाची शंका: पाच उत्तरं उलटली. जुन्या २ मध्ये ही ५ मिळवली तर ७. तेव्हाच सविस्तर मुलाखत झाली असती.

बहीण ऐकत होती, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. सहाव्या-सातव्या प्रश्नाला ती कार्यालयीन भाषेत मला म्हणाली, ‘तेव्हा मीच सांगत होते डॉक्टरांना. मी चुकीचं सांगितलं का?’ तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

दुभाषी बाईंनी माझ्याकडे पाहिलं. नियम मीच घातला होता: खोलीत बोललेलं सगळं. मी काही म्हणायच्या आत त्यांनी ते वाक्य आईला सांगितलं.

आई बराच वेळ गप्प बसली. मग बोलली, आणि बाईंनी ठरल्याप्रमाणे ‘मी’मध्येच सांगितलं: ‘मीच तिला म्हटलं होतं, सगळं बरं आहे असं सांग. मला वाटलं, तो कागद आम्ही मूल कसं सांभाळतो ते तपासायला आहे.’

म्हणजे मुलीने प्रश्न नीट समजून घेतले होते. कुठे ‘हो’ बरं आणि कुठे ‘नाही’ बरं, हे तिला एकदा ऐकून कळलं होतं. त्या तीन उलट्या प्रश्नांत ती म्हणूनच अडकली नाही, आणि म्हणूनच मी आदल्या दिवशी फसले. ‘चूक तुझी नाही, तुला विचारायलाच नको होतं,’ एवढं मी तिला म्हटलं. तिने मान हलवली. त्या हलवलेल्या मानेवर माझा फारसा विश्वास नाही. तिला आधी बाहेर पाठवून मगच तो फॉर्म काढायला हवा होता का, हे अजून डोक्यातून जात नाही. बाहेर पाठवलं असतं तर आईही बोलली नसती, हे दुसरं मन म्हणतं.

पुढचं नेहमीसारखं. कानांची तपासणी, निदानाचा अहवाल, आणि त्याची वाट न बघता स्पीच थेरपीची पहिली तारीख. जागतिक आरोग्य संघटनेचा पालकांसाठीचा प्रशिक्षण कार्यक्रम आहे, नऊ गटसत्रं आणि तीन घरभेटी. तो तज्ज्ञ नसलेली प्रशिक्षित माणसंही चालवू शकतात. बालवाडीतल्या त्या मदतनीस बाई शिकायला तयार आहेत. त्यांना कामाच्या वेळेत सोडायचं की नाही, यावर वरच्या पातळीवर पत्रव्यवहार चालू आहे.

मी तपासणीच्या फॉर्मवर दोन रकाने वाढवायला सुचवले: दुभाष्याचं नाव, आणि ‘हा कागद कशासाठी आहे हे कुटुंबाला कोणत्या शब्दांत सांगितलं’. पहिला मंजूर झाला. दुसऱ्याला पानावर जागा नाही, असं कळवलं. सध्या मी ते समासात पेन्सिलीने लिहिते.