एक्सएक्स, एक्सवाय आणि चार तऱ्हांचे उंदीर

झोल्पिडेम हे झोपेचे औषध अमेरिकेत १९९२ साली मान्य झाले. स्त्रियांच्या शरीरातून ते पुरुषांपेक्षा सावकाश बाहेर पडते आणि रात्री गोळी घेतलेल्या काही स्त्रियांच्या रक्तात सकाळी गाडी चालवणे धोक्याचे ठरावे इतके उरते, या कारणास्तव तेथील अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०१३ मध्ये स्त्रियांसाठीची मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणली. पुढे काही औषधशास्त्रज्ञांनी हरकत घेतली की रक्तातली पातळी वेगळी असली तरी प्रत्यक्ष वाहन चालवण्याच्या चाचण्यांत तेवढा फरक दिसत नाही. फरक मोजण्यापेक्षा तो कशातून येतो आणि त्याने रुग्णाचे काय होते हे ठरवणे किती अवघड आहे, याची कल्पना या प्रकरणावरून येते.

प्रयोगशाळांत तर बराच काळ मोजमापही होत नव्हते. मादीच्या ऋतुचक्रामुळे निष्कर्ष डळमळीत होतात, या समजुतीपोटी नर उंदीरच वापरले जात. २०१४ मध्ये २९३ शोधनिबंधांची एकत्रित छाननी झाली, तेव्हा माद्यांची मोजमापे नरांपेक्षा अधिक विखुरलेली नसल्याचे दिसले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ पासून अनुदान मागणाऱ्यांना प्राण्यांच्या लिंगाचा विचार करणे बंधनकारक केले.

कारणांचा गुंता सोडवणारा मला सर्वांत देखणा वाटलेला प्रयोग उंदरांवरचाच आहे. एरवी एक्सएक्स गुणसूत्रांबरोबर अंडाशय आणि एक्सवायबरोबर वृषण येतात, त्यामुळे एखादा फरक गुणसूत्रांचा की संप्रेरकांचा हे सांगता येत नाही. वृषण घडवणारे एसआरवाय हे जनुक वाय गुणसूत्रावरून काढून दुसऱ्याच, लिंगाशी संबंध नसलेल्या गुणसूत्रावर बसवले की ही जोडी फुटते. अशा नराची साध्या मादीशी पैदास केल्यास अंडाशय असलेले एक्सएक्स, वृषण असलेले एक्सएक्स आणि तसेच दोन प्रकारचे एक्सवाय, असे चार तऱ्हांचे उंदीर मिळतात. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील आर्थर आर्नोल्ड यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले की जननग्रंथी काढून टाकल्यावरही एक्सएक्स उंदीर एक्सवायपेक्षा अधिक लठ्ठ होतात आणि त्यामागे एक्स गुणसूत्रांची संख्या आहे.

हे साधनही निर्दोष नाही. २०२४ मध्ये उघड झाले की अशा उंदरांच्या एका प्रचलित वाणात एक्स गुणसूत्राचा सुमारे ३२ लाख बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) तुकडा वायवर आलेला आहे आणि त्यात रोगप्रतिकाराशी निगडित टीएलआर-७ हे जनुक आहे. त्यामुळे त्या वाणावर झालेले रोगप्रतिकाराविषयीचे निष्कर्ष पुन्हा तपासावे लागणार, हे उघड आहे.

माणसांत अशी जुळवाजुळव शक्य नसते. वजन, व्यसने, कामाचे स्वरूप, दवाखान्यापर्यंत पोहोचण्याची सोय हे सगळे लिंगाशी गुंतलेले असते. त्यात संख्याशास्त्रातली एक चूक वारंवार होते: औषधाचा परिणाम स्त्रियांत लक्षणीय (निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही असा) आणि पुरुषांत लक्षणीय नाही, एवढ्यावरून दोघांत फरक असल्याचे जाहीर केले जाते. प्रत्यक्षात दोन्ही गटांतील परिणामांची एकमेकांशी थेट तुलना करावी लागते आणि त्यासाठी सहभागींची संख्याही पुष्कळ मोठी लागते. नवे नियम पाळायचे म्हणून प्रत्येक गटात मोजकेच उंदीर घेणाऱ्या प्रयोगांकडून अशी तुलना होणे कठीण आहे.